‘कुठलंही चालेल’ म्हणण्याआधी

जून उजाडला की फोन सुरू होतात. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, पुण्यात एफवायची ॲडमिशन झालेली असते, पेठेत नाहीतर कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा ठरलेली असते, मेसही लावून झालेली असते. मग गावाकडच्या कुणी वहिनी नाहीतर कुणाचे वडील फोन करतात. “ताई, पोरीला एखादं पार्ट-टाइम काम बघा ना. कुठलंही चालेल. तेवढाच खोलीभाड्याला हातभार.”

खोलीभाड्याचं मला कुणी समजावून सांगायला नको. मीही कोरेगाव तालुक्यातून अशीच पुण्याला आले, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हिशोब कसा घालावा लागतो ते मला पाठ आहे. पैशासाठी काम करणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं म्हणणं फक्त ‘कुठलंही चालेल’ याच्याबद्दल आहे. अठरा ते एकवीस या वयात रोजचे तीन-चार तास जिथे जातात, तिथली माणसं आणि तिथल्या कामाच्या सवयी अंगात मुरतात. कॉलेज निवडताना आपण कट-ऑफ बघतो, नातेवाइकांना विचारतो, दहा ठिकाणी फॉर्म भरतो. कामाच्या बाबतीत मात्र जे पहिलं हाताशी येईल ते धरतो.

माझं कॉलेज सकाळचं, साडेअकराला सुटायचं. दुपारी नारायण पेठेतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी बिलं लावायला जायची. राज्यात व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, १ एप्रिल २००५ ला आला. आधीच्या विक्रीकराच्या सवयीत मुरलेल्या व्यापाऱ्यांना आता खरेदीच्या प्रत्येक बिलावर सेट-ऑफ मिळणार होता, म्हणजे खरेदीत दिलेला कर विक्रीच्या करातून वजा होणार होता, म्हणून प्रत्येक बिलाला अचानक किंमत आली. पिशव्याच्या पिशव्या भरून बिलं यायची. ती तारीखवार लावायची, पंच करायची, लेस ओवून फाइल करायची आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. या कामाला माणसं कमी पडत होती, म्हणून आमच्यासारख्या कॉलेजच्या मुलींना घेतलं होतं.

तिथे एक वयस्क अकाउंटंट होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, आणि ही मला माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी मिळकत वाटते.

एका दुपारी मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याचं बँक रिको चाललं होतं. रिको म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या पुस्तकातलं बँक खातं शेजारी ठेवायचं, एकेका नोंदीवर टिक करत जायचं आणि जे एकीकडे आहे पण दुसरीकडे नाही ते शोधायचं. न वठलेले चेक धरले, बँक चार्जेस धरले, तरी २७० रुपयांचा फरक राहत होता. मी पुन्हा पहिल्या पानापासून टिका करायला घेणार, तेवढ्यात काका म्हणाले, “थांब गं. १३५ ची एखादी नोंद आहे का बघ आधी.” नव्हती. “म्हणजे नावेचं जमेला पडलेलं नाही. तसं झालं की फरक दुप्पट दिसतो, म्हणून निम्मा आकडा शोधायचा. आता २७० ला नऊने भाग जातो का?”

जातो. ३० येतात.

“मग शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडलेत. ३० आले म्हणजे दशक-शतकाच्या जागेवर, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक असणार. तेवढंच शोध.”

पाच मिनिटांत सापडलं. व्यापाऱ्याकडच्या मुनिमाने ५,४७२ चा चेक ५,७४२ लिहिला होता. सात आणि चार. तीनचा फरक. काकांनी एका जुन्या चलनाच्या पाठीवर मांडून दाखवलं, की एखादा अंक एक घर डावीकडे सरकला की तो दसपट होतो, म्हणजे मूळच्या नऊपट वाढतो, म्हणून अदलाबदलीचा फरक नेहमी नऊच्या पटीतच येणार. मला अकरावी-बारावीत अकाउंट्सला चांगले मार्क होते. चूक दुरुस्तीचं प्रकरण मी पाठ केलं होतं. पण चूक शोधायला बसलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं, ते मी त्या दुपारी पहिल्यांदा शेजारी बसून बघितलं.

आज माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, दरवर्षी मी दोन-तीन विद्यार्थी घेते, आणि इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. पार्ट-टाइम काम पुढच्या आयुष्याला उपयोगी पडणार का, हे त्या कामाच्या नावावरून कळत नाही. तुमचं काम कोण तपासतं आणि तपासून तुम्हाला परत दाखवतं का, यावरून ते कळतं. तुमच्याहून जास्त जाणणारं माणूस शेजारी असेल आणि ते बोलणारं असेल, तर साधं काम सोनं होतं. तसं माणूस नसेल, तर एसी ऑफिसातली खुर्चीसुद्धा तीन वर्षांत काही देत नाही.

माझ्या खोलीवरच दोन मुली होत्या. एक डेटा एंट्री करायची. काचेचं ऑफिस, ओळखपत्र, माझ्याहून बराच जास्त पगार. ती फॉर्म चढवायची, ते कुठल्यातरी सर्व्हरवर जायचे, आणि कुणी कधी काही सांगायचं नाही. ते फॉर्म कशाचे आहेत हेही तिला नीट माहीत नव्हतं. दुसरी लक्ष्मी रोडवर एका कापड दुकानात ड्रेस मटेरियल दाखवायला उभी राहायची. घरच्यांना हे काम कमीपणाचं वाटायचं. पण त्या दुकानाच्या मालकीणबाई रात्री गल्ला मोजल्यावर तिला बरोबर घेऊन न विकलेले पीस वेगळे काढत. हा रंग का पडून राहिला, हा कपडा दुसऱ्या धुण्याला का आटतो, सुरतेच्या व्यापाऱ्याला पैसे कधी द्यायचे आणि कधी थांबवायचे, हे सगळं ती ऐकत होती. आज कराडला तिचं स्वतःचं दुकान आहे आणि ती चार बायकांना काम देते. माझ्याकडे जेव्हा कुणी ‘चांगल्या ऑफिसात’ काम बघायला सांगतं, तेव्हा मला ही मुलगी आठवते.

आम्हा सातारकडच्या लोकांना ‘कमवा आणि शिका’ नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याचं त्यांचं वसतिगृह १९२४ चं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि राबून शिकायची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते याच पायावर. हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण भाऊरावांच्या स्वतःच्या तरुणपणातल्या कामांकडे आपण फारसं बघत नाही. ते आधी साताऱ्यात शिकवण्या घ्यायचे, ‘पाटील मास्तर’ म्हणून लोक ओळखायचे. मग किर्लोस्करांचे नांगर विकायला ते गावोगाव हिंडले. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याची जमीन, त्याचं कर्ज, त्याची मुलं शाळेत का जात नाहीत हे सगळं ऐकावं लागतं. पुढे ज्या माणसाने खेड्यापाड्यांत शाळा उभ्या केल्या, त्याने ती खेडी विक्रेता म्हणून पायाखाली घातली होती. ही दोन कामं मला त्यांच्या आयुष्यात एकमेकांना जोडलेली दिसतात.

त्यांच्याच नावाची कमवा आणि शिका योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे आणि विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांतही चालते. तासावर पैसे मिळतात, काम कॉलेजातच असतं, त्यामुळे लेक्चर बुडत नाही. पण मुलं तिथेही ‘द्याल ते काम’ म्हणतात. नका म्हणू. वनस्पतीशास्त्राच्या मुलीने बागेचं काम मागून घ्यावं आणि माळीकाकांना प्रश्न विचारून हैराण करावं. मराठी-इतिहासाच्या मुलाने ग्रंथालय मागावं, तिथे नुसती पुस्तकं लावण्याऐवजी नोंदणी कशी करतात, वर्गीकरणाचे आकडे कसे पडतात ते शिकावं. रसायनशास्त्रवाल्याने प्रयोगशाळेत द्रावणं तयार करायला मदत करावी. पैसे तेच मिळतात, तास तेवढेच लागतात. फरक पडतो तो मागण्याने, आणि शिक्षक ही मागणी बहुधा आनंदाने मान्य करतात.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगनंतर जर्मनीत आखेनला एमएस करायला गेला. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिले काही महिने तो एका गोदामात रात्री पार्सलं लावायचा. मावशी फोनवर रडायची. पण त्या गोदामाने त्याला बोलायची जर्मन दिली, जी क्लासने दिली नव्हती. मग त्याने विद्यापीठातल्याच एका संस्थेत हीवी म्हणून अर्ज केला. हीवी म्हणजे प्राध्यापकांच्या संशोधनात हाताखाली काम करणारा विद्यार्थी. विद्यापीठातलं असं काम त्या १४० दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत. गोदामाच्या मानाने पैशात फारसा फरक नव्हता, पण आता त्याच्या शेजारी पीएचडी करणारी माणसं होती, आणि चाचणीचा प्रत्येक आलेख त्याच्याकडे लाल खुणा होऊन परत यायचा. त्या खुणांमधूनच त्याचा पुढे प्रबंधाचा विषय निघाला. माझ्याकडे जर्मनीबद्दल विचारायला येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते, की पहिल्या सत्रात पोटासाठी जे मिळेल ते करा, त्याची लाज बाळगू नका, पण दुसऱ्या सत्रापासून दारोदार जाऊन हीवीचं विचारा.

विद्यार्थ्याच्या बाजूने असलेली आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यात मी दोनदा बघितली. एखाद्या व्यवसायाचे नियम बदलतात, तेव्हा जुनी माणसंही नवी होतात. व्हॅट आला तेव्हा मला आत जागा मिळाली ती त्यामुळेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझ्याकडे एसवायची एक मुलगी होती. पोर्टल तिला आणि मला एकाच दिवशी नवं होतं. ती रात्री बसून नोटिफिकेशनं वाचायची आणि सकाळी मला सांगायची. वर्षभरात पार्ट्या, म्हणजे आमच्याकडे काम देणारे व्यापारी, थेट तिलाच फोन करायला लागल्या. आता १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा येतो. कलमांचे क्रमांक बदलतात, मागील वर्ष आणि कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी एकच कर वर्ष येतं. ज्यांना जुनी कलमं तोंडपाठ आहेत त्यांना ती पुसून नवी बसवायची आहेत. बी.कॉम.च्या मुलाला एखाद्या ऑफिसात शिरायला यापेक्षा चांगला काळ मिळणार नाही. तुमच्या क्षेत्रात असा कुठला बदल चालू आहे, ते शोधा आणि तिथे जाऊन उभे राहा.

आता ओजेटीबद्दल, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल, कारण हा विषय मला सध्या रात्री झोपू देत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. तिच्यात पदवीच्या तिसऱ्या वर्षी, सहाव्या सत्रात चार क्रेडिटचं हे ट्रेनिंग आहे. एम.कॉम.सारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षातही आहे. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. कल्पना उत्तम आहे. पण गल्लीतल्या कुठल्याही ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारलेलं पत्र आणायचं, फाइल सजवायची आणि चार क्रेडिट खिशात घालायची, असं सर्रास चालू झालंय. माझ्याकडेही मुलं येतात आणि पहिल्याच वाक्यात विचारतात, “मॅडम, सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल?” मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं. १२० तास खूप असतात. एवढ्या वेळात एका छोट्या व्यापाऱ्याचं पूर्ण महिन्याचं चक्र बघून होतं. सात तारखेचा टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या आयकराचा भरणा, अकरा तारखेचं जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, वीस तारखेचं ३बी हे कर भरायचं विवरणपत्र, आणि मधल्या दिवसांत पुरवठादारांनी बिलं चढवली नाहीत म्हणून केलेले फोन. एवढं ज्याने एकदा स्वतः केलं, त्याला मुलाखतीत काय बोलायचं हा प्रश्न पडत नाही.

बरं, काम मागायचं कसं? ऑनलाइन अर्ज ठीक आहेत, पण छोट्या ऑफिसांची आणि वर्कशॉपची कामं तिथे येतच नाहीत. प्रत्यक्ष जावं लागतं. वेळ बघून जा. कर सल्लागाराकडे वीस तारखेला जाऊ नका, मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी सातला जाऊ नका, वकिलांकडे सकाळी कोर्टाच्या वेळेआधी जाऊ नका. आपण कोण, कुठल्या वर्षाला, किती ते किती वेळ देऊ शकतो, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी लागेल, हे सरळ सांगा. मग दोन प्रश्न नक्की विचारा. माझं काम कोण बघेल? आणि हे जमायला लागलं की पुढचं काम द्याल का? पहिल्या प्रश्नावर समोरचा माणूस गोंधळला, तर नीट विचार करा. फार्मसीचा विद्यार्थी मेडिकलमध्ये बसला आणि वर्षभर फक्त पिशवीत औषधं भरत राहिला तर त्याचा काय उपयोग? तिथेच शेड्यूल एच१ च्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या काही खास औषधांचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं, मुदत संपत आलेला माल कंपनीला परत पाठवायचा असतो. हे मागून शिकायचं असतं.

पैशाचं आधी बोलून घ्या. शिकतोय म्हणून फुकट राबवून घेणं मला अजिबात मान्य नाही. सुरुवातीला थोडे मिळाले तरी चालतील, पण निदान बसचा पास आणि दुपारचा डबा निघाला पाहिजे, नाहीतर शिकण्याची संधी फक्त खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांना राहते. आणि जो तुमच्याकडूनच रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागतो, घरबसल्या टायपिंगच्या नावाने असो नाहीतर कशाच्याही, तिथून त्याच क्षणी बाहेर पडा.

मुलींच्या बाबतीत मी जरा जास्त बोलते. होस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ, शेवटची बस, ऑफिस कुठल्या मजल्यावर आणि तिथे आणखी कोण असतं, हे सगळं आधी बघून घ्या. पहिल्या दिवशी मैत्रिणीला बरोबर न्या. चालत जाण्याजोगं काम मिळत असेल तर दोन पैसे कमी घ्या, कारण वाचलेला तास अभ्यासाचा असतो. आणि कुठे काही खटकलं, कुणाचं बोलणं, कुणाची नजर, तर कारण सिद्ध करत बसायची गरज नाही. काम सोडा. घरी सांगा. आईवडिलांनीही अशा वेळी ‘आता कॉलेजच करा’ म्हणून सगळंच बंद करू नये. त्या एका भीतीमुळे कित्येक मुली घरी काही बोलत नाहीत, हे मी जवळून बघितलं आहे.

सरकारच्या दोन मोठ्या योजना आहेत, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आणि पंतप्रधान इंटर्नशिप. दोन्ही २०२४ च्या, दोन्हींत दरमहा पैसे मिळतात. पण त्या मुख्यतः शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत. रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलाला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासाठी तुम्हीआम्हीच आहोत.

म्हणून शेवटी दुकानदार, वर्कशॉपवाले, लॅबवाले, ऑफिसवाले अशा सगळ्यांशी बोलते. तुमच्याकडे एक टेबल रिकामं असेल, तर ते तुमच्या सगळ्यात जाणत्या माणसाच्या शेजारी लावा. विद्यार्थ्याने केलेलं काम गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवू नका. त्याला बोलावून दाखवा, त्यात तुमची दहा मिनिटं जातात. सहावं सत्र साधारण हिवाळ्यात सुरू होतं. जवळच्या कॉलेजातल्या ओजेटीच्या समन्वयकांना दिवाळीनंतर लगेच फोन करा आणि सांगा, की आमच्याकडे दोन जागा आहेत, तास पूर्ण भरावे लागतील, आणि जाण्यायेण्याचे पैसे आम्ही देऊ.